ईआरसीपीनंतर सीटीत पोटाच्या मागे हवा दिसली, आता ऑपरेशनच करावं लागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांना मधुमेह आहे, पित्तनलिकेतला खडा काढायला काल ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेवर करायची प्रक्रिया) झाली, रात्री पाठ दुखू लागली आणि सीटीच्या रिपोर्टात 'रेट्रोपेरिटोनियल एअर', म्हणजे पोटाच्या मागच्या जागेत हवा, असं आलं. ऑपरेशन लागेल का, पुण्याला हलवावं का?

मी सोलापुरात रेडिओलॉजिस्ट आहे. पेशंट न बघता हो-नाही सांगणार नाही, पण निर्णय कशावर ठरतो ते सांगतो.

हा नेहमीचा पोटातला गॅस नव्हे. (आमच्याकडे नातेवाईक हमखास विचारतात, "गॅसच हाय न्हवं, मग इनो द्या की!") आतड्यांभोवतीच्या पातळ पडद्याच्या मागे, पाठीच्या अंगाला मूत्रपिंडं, स्वादुपिंड आणि ड्युओडेनमचा (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा) बराचसा भाग असतो. दुर्बीण तिथवरच जाते. पित्तनलिकेचं तोंड कापताना छेद थोडा खोल गेला, की दुर्बिणीतून सोडलेली हवा मागे शिरते. शंभरात एकापेक्षाही कमी जणांत भोक पडतं.

हवा किती आहे यावरून घाबरू नका. भोक बारीक असूनही हवा खूप दिसू शकते, कारण ती दुर्बिणीतून किती वेळ भरली गेली यावर अवलंबून असते. मुंबईच्या डॉ. गौर यांनी १९९२ मध्ये फुग्याने हीच जागा मोकळी करून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची पद्धत मांडली. आजही सर्जन तिथे मुद्दाम कार्बन डायऑक्साइड भरतात. त्रास हवेने होत नाही, तिच्यामागून झिरपणाऱ्या पित्ताने आणि जंतूंनी होतो.

म्हणून सीटीत आम्ही हवेशेजारी पाणी साठलंय का ते शोधतो. शंका राहिली तर पाण्यात विरघळणारं आयोडीनचं औषध पाजून पुन्हा सीटी करतात. ते आतड्याबाहेर गळताना दिसलं तर मामला गंभीर. बेरियम (एक्स-रेसाठी पाजायचं पांढरं औषध) इथे चालत नाही. सोनोग्राफीवर विसंबू नका, हवेमुळे मागचं काही दिसतच नाही. साध्या एक्स-रेतही थोडी हवा निसटते.

ताप नाही, नाडी शांत, पोट मऊ आणि पाणी साठलेलं नाही, अशा वेळी बहुधा ऑपरेशन लागत नाही: तोंडाने काही नाही, सलाईन, अँटिबायोटिक, गरज पडल्यास नाकातून नळी किंवा पित्तनलिकेत स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी छोटी नळी). त्याच सर्जनने दर काही तासांनी पोट चाचपायला हवं. हवा हळूहळू आपोआप शोषली जाते. मानेची कातडी दाबल्यावर चरचरली तर लगेच सांगा, हवा वर चढलेली असते. आणि कृपा करून "दोन घोट चहाने काय होतंय" म्हणून काही पाजू नका. हे मी वॉर्डात फार पाहिलंय.

दुर्बिणीनेच ड्युओडेनमची भिंत फाटली असेल, गळती चालू असेल किंवा ताप, वेदना, पांढऱ्या पेशी वाढत असतील, तर मात्र वाट पाहणं महागात पडतं. तिथे क्लिप लावणं किंवा ऑपरेशन, आणि साठलेल्या पाण्यासाठी बाहेरून नळी.

मधुमेहामुळे एक गोष्ट रेडिओलॉजिस्टना मुद्दाम विचारा: हवा मूत्रपिंडाच्या भोवती आहे की आत? जंतुसंसर्गाने मूत्रपिंडातच वायू तयार होण्याचा एक आजार साखर वाढलेल्यांत दिसतो. तो जिवावर बेततो आणि त्याचे उपचार वेगळे.

पुण्याचं म्हणाल, तर इथे सर्जन, आयसीयू आणि रात्रीचं सीटी मिळत असेल तर घाई नको. हलवायचंच ठरलं तर तब्येत स्थिर असतानाच हलवा, आणि रिपोर्टाच्या कागदासोबत सीटीची सीडी न्या.