खाद्यात ट्रिप्टोफॅन (प्रथिनांतील एक अमिनो आम्ल) वाढवल्यास डुकरे एकमेकांची शेपटी चावणे थांबवतात का?
केवळ तेवढ्याने थांबत नाहीत, पण मुख्यतः मक्यावर पोसलेल्या कळपात फरक पडू शकतो. वागणे शांत ठेवण्यास मदत करणारे मेंदूतील रसायन, सेरोटोनिन, ट्रिप्टोफॅनपासूनच तयार होते. मात्र मेंदूत शिरण्यासाठी ट्रिप्टोफॅनला ल्युसिन, व्हॅलिन यांसारख्या अमिनो आम्लांशी एकाच वाहक प्रथिनासाठी स्पर्धा करावी लागते, आणि मक्यात नेमके ट्रिप्टोफॅन कमी व ल्युसिन भरपूर असते. म्हणून एकूण प्रथिनांपेक्षा ट्रिप्टोफॅन व या इतर आम्लांचे परस्परप्रमाण पाहावे. जनावर आजारी असेल, तर शरीरातील दाहामुळे बरेच ट्रिप्टोफॅन किन्युरेनिन हा दुसराच पदार्थ बनण्यात खर्ची पडते आणि सेरोटोनिनसाठी कमी उरते. याकडे माझ्या मते फार दुर्लक्ष होते. शेडमध्ये दाटी असेल आणि नाकाने उकरायला काहीच नसेल, तर डुकरे समोर हलणारी शेपटीच तोंडात धरतात. तिथे आधी रोज ताजा पेंढा टाकावा, खाद्य नंतर बदलावे.