फुलरीन जोडलेले पॉलिमर (म्हणजे लांब साखळीसारखे रेणू) पाण्यात आपोआप एकत्र का येतात?
कारण फुलरीनला पाणी अजिबात मानवत नाही. फुलरीन म्हणजे फक्त कार्बन अणूंचा पोकळ रेणू; त्यातला सी-६० म्हणजे ६० कार्बन अणूंचा पोकळ गोळा, व्यास जेमतेम ०.७ नॅनोमीटर. टोल्युइन या सेंद्रिय द्रावकात तो विरघळतो आणि फार सुंदर जांभळा रंग देतो. पाण्यात मात्र नाही. आता तो पॉलिइथिलीन ऑक्साइडसारख्या पाण्यात विरघळणाऱ्या साखळीच्या टोकाला जोडा. साखळीला पाणी हवं, गोळ्याला नको. मग गोळे एकमेकांना बिलगून आत दडतात, साखळ्या बाहेर पसरतात.

साबणाच्या मायसेलसारखंच हे, म्हणजे पाण्यात साबणाचे रेणू एकत्र येऊन जे सूक्ष्म गोळे बनवतात तसंच. पण खरी गंमत पुढे आहे: फुलरीनचं आपापसातलं आकर्षण इतकं जबर असतं की एकदा झालेली गुठळी सहजी सुटत नाही. म्हणून द्रावण कसं बनवलं, पाणी थेंबथेंब घातलं की एकदम ओतलं, यानेसुद्धा कणांचा आकार बदलू शकतो.