"सांगून काय उपयोग?"

"मॅडम, कडक वागलं तर मुलगी दुरावते, सैल सोडलं तर हाताबाहेर जाते. करायचं काय?" दहावीचे निकाल लागले की हा प्रश्न घेऊन येणारे आईवडील वाढतात. नेरूळच्या या जोडप्याची मुलगी अकरावी सायन्सला. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) वाशीला क्लासला म्हणून निघाली आणि सापडली सीवूड्सच्या मॉलमध्ये. तेव्हापासून फोनचा पासवर्ड आईकडे, लोकेशन सतत चालू, घरी आल्यावर उलटतपासणी.

मुलीशी एकटीशी बोलले. बराच वेळ ती नुसती बॅगेची चेन मागेपुढे करत होती. मग म्हणाली, "फिजिक्सला चाळीसपैकी नऊ पडले. सांगितलं असतं तर बाबांनी आठवडाभर अबोला धरला असता. सांगून काय उपयोग?"

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात पालकत्वाच्या तीन शैली मांडल्या: हुकूमशाही, मोकळीक देणारी, आणि माया व शिस्त दोन्ही राखणारी. आपल्याकडे पुष्कळ पालक पहिल्या दोहोंत येरझाऱ्या घालतात. हे वडीलही तसेच. आधी अबोला, मग वाईट वाटून नवा फोन!

मला इथे जास्त कामाचा वाटतो तो मानसशास्त्रज्ञ स्टॅटिन आणि केर यांचा २०००चा अभ्यास. स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या मुलांच्या घरी त्यांना दिसलं की पालकांना मुलांचं जे काही ठाऊक असतं, ते पाळत ठेवून कमी आणि मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे जास्त.

मुलीच्या परवानगीने नऊ मार्कांची गोष्ट आईवडिलांपुढे काढली. "म्हणजे नियमच नकोत?" वडील तडकले.

नियम हवेतच. साडेआठला घरी, ही वेळ पक्की. तिला साडेनऊ हवे होते, मिळाले नाहीत. क्लास बुडवायचा असेल तर आधी आईला मेसेज. लोकेशन बंद. आणि राग आला तर खुशाल रागवा, पण त्या रात्रीही जेवायला एकत्र बसा, तिच्याशी बोला. वडिलांना हेच सगळ्यात जड गेलं. अबोला ही शिक्षा आहे, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. ते त्याला 'शांत राहणं' म्हणत.

पुढच्या चाचणीचे मार्क तिने स्वतःच सांगितले. वडील उठून बाल्कनीत गेले, थोड्या वेळाने परत येऊन त्यांनी पेपर मागितला. आता फिजिक्सचा क्लास बदलायचं तिने काढलंय. वर्षाची फी भरून झालीय, म्हणून वडील तयार नाहीत. जेवताना रोज त्यावरून वाजतं.