प्लाझ्माने कार्बन नॅनोट्यूब बनवायला इतकं तापमान का लागतं? मुलगा वेल्डिंग मशीन आणून गच्चीवर करतो म्हणतोय, करू देऊ का?

गच्चीवर नका करू देऊ. पण त्याचा हुरूप मोडू नये, म्हणून कारण सविस्तर सांगतो. मी बडोद्यात एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला हे काम, म्हणजे कार्बनच्या या अतिसूक्ष्म नळ्या बनवायचं, केलंय आणि आमच्या आर्कलाही (दोन कांड्यांमधल्या विजेच्या झोतालाही) वीज जुन्या वेल्डिंग रेक्टिफायरचीच होती. म्हणजे मुलाचा अंदाज अर्धा बरोबर आहे.

नळ्या बनवायला आधी कार्बनची वाफ करावी लागते. साध्या दाबाला ग्राफाइट (पेन्सिलीत असतो तो कार्बन) वितळतच नाही, ३६०० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची थेट वाफ होते. गॅस वेल्डिंगची ज्योत तिथवर पोचत नाही. ग्राफाइटच्या दोन कांड्यांमध्ये मिलिमीटरभर फट ठेवून २०-२५ व्होल्टला शंभरेक अँपिअर सोडले की मधल्या वायूचा प्लाझ्मा, म्हणजे वीज वाहणारा तापलेला वायू, होतो आणि धन बाजूची कांडी झिजत जाते. इथवर मशीन पुरतं. खरी करामत ती वाफ कशात निवते यात आहे. उघड्या हवेत ऑक्सिजन कार्बन जाळतो, म्हणून पेटी पंपाने रिकामी करून हीलियम भरायचा. दाब शे-दोनशे टॉर (दाबाचं एकक) ठेवला तर पेटीच्या भिंतीवरच्या काजळीत फुलरीन, म्हणजे कार्बनचे पोकळ गोळे, जास्त, पाचशेच्या आसपास नेला तर ऋण कांडीवर नळ्या. १९९० मध्ये क्रेट्श्मर आणि हफमन या भौतिकशास्त्रज्ञांनी याच रीतीने फुलरीन भरपूर मिळवलं. जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इजिमांनी काजळी सोडून ऋण कांडीवरचा थर सूक्ष्मदर्शकाखाली घेतला आणि १९९१ मध्ये नळ्या जगापुढे आल्या.

तो थर मी फोडून पाहिलाय. बाहेरून राखाडी, कडक कवच. आत काळाकुट्ट, मऊ गाभा, उभ्या धाग्यांचा. फट हाताने स्क्रू फिरवून राखायची. घाई केली की कांड्या चिकटतात, मागे पडलं की आर्क विझतो. पहिले कित्येक दिवस माझं एवढंच चाललं होतं. भिंतीवरची काजळी टोल्युइन या द्रावकात घोळवून गाळली, तर कोकमाच्या सरबतासारखा तांबडा रंग उतरला. मला तो अजून आठवतो. एकपदरी नळ्या हव्या असतील तर धन कांडीला भोक पाडून निकेल-कोबाल्टसारख्या धातूची पूड ठासतात. मग पेटीत अक्षरशः जळमटं लोंबतात.

आता भीती कशाची. आर्कचा अतिनील प्रकाश आहेच, पण ही पूड त्याहून वाईट. लांब, ताठ नळ्या श्वासातून फुप्फुसात रुतू शकतात. एका प्रकारच्या बहुपदरी नळ्यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने संभाव्य कर्ककारक ठरवलंय. आम्ही पेटी उघडायचो ती हातमोजे, मास्क घालून, धुराड्याखाली.

मुलाला विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात घेऊन जा, प्राध्यापकांना विचारा. तोवर घरी, तुम्ही शेजारी असताना, एवढं करू दे: मेणबत्तीच्या ज्योतीत स्टीलचा चमचा धरून पाठीवर काजळी जमवायची, थंड झाल्यावर त्यावर पाण्याचा थेंब सोडायचा. नॅनोमीटरमध्ये मोजावे लागतील इतके बारीक कार्बनचे कण एकमेकांना चिकटून तो थर झालेला असतो. थेंब पसरत नाही, अळूच्या पानावरच्यासारखा गोळा होऊन घरंगळतो.