दोन मशीनवर दोन उत्तरं आली, तर एकसारखेपणा महत्त्वाचा की अचूकपणा?

तुमचा प्रश्न असा आहे: तोच सी प्रोग्रॅम, तोच डेटा, दोन्हीकडे जीसीसी हाच कंपाइलर (प्रोग्रॅमचं मशीनच्या सूचनांत रूपांतर करणारा), तरी इंटेलचा लॅपटॉप आणि एआरएमचा सर्व्हर यांची उत्तरं शेवटच्या अंकांत जुळत नाहीत. मग धडपड कशासाठी करायची, एकसारख्या उत्तरासाठी की बरोबर उत्तरासाठी?

माझं मत ठाम आहे: आधी एकसारखेपणा. तो नसेल तर दिसलेला फरक बगमुळे आहे की मशीनमुळे, हेच कळत नाही. मात्र उत्तरं जुळली म्हणजे ती बरोबर आहेत, असं अजिबात समजू नका. १ वर १६ शून्यं असलेल्या संख्येत १ मिळवा आणि तीच संख्या वजा करा. डबलमध्ये, म्हणजे दशांश आकडे ठेवण्याच्या नेहमीच्या ६४-बिट प्रकारात, एवढ्या मोठ्या आकड्यांत २ चं अंतर असतं, त्यामुळे तो १ राउंडिंगमध्ये (जवळच्या मांडता येणाऱ्या आकड्याकडे वळवताना) गायब होतो आणि ० येतं. हे चुकीचं उत्तर आज जवळजवळ प्रत्येक मशीन अगदी एकमताने देईल. उलट इंटेलच्या जुन्या एक्स८७ या गणिती युनिटची रजिस्टरं (प्रोसेसरमधल्या आकडे ठेवायच्या जागा) ८० बिटांची. आकडे तिथेच राहिले तर १, मध्येच मेमरीत डबल म्हणून गेले तर ०.

एकेकट्या क्रियेपुरता हा झगडा आयईईई ७५४ या दशांश आकडेमोडीच्या मानकाने १९८५ मध्येच मिटवला. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्गमूळ यांचं उत्तर खऱ्या उत्तराच्या सर्वांत जवळचंच हवं, आणि बरोबर मधोमध आलं तर कुठे वळायचं हेही ठरलेलं. साइन, लॉग यांना ही सक्ती नाही, म्हणून लायब्ररी बदलली की शेवटचा बिट हलू शकतो.

तुमच्या बाबतीत पहिला संशय एफएमएचा (फ्यूज्ड मल्टिप्लाय-अ‍ॅड). प्रोसेसरच्या या सूचनेत गुणाकार आणि बेरीज मिळून राउंडिंग एकदाच होतं. ६४-बिट एआरएमवर ती कायम असते आणि जीसीसी ती आपणहून वापरतो. इंटेलसाठी साध्या कंपाइलमध्ये वापरत नाही. आता x आणि y दोन्ही ०.१ घेऊन x*x − y*y काढा. लॅपटॉपवर चोख ०. सर्व्हरवर एक गुणाकार राउंड झालेला, दुसरा न झालेला, आणि उत्तर ऋण: साधारण −०.००००००००००००००००००८३. त्याचं वर्गमूळ घेतलंत की थेट नॅन, म्हणजे ‘संख्याच नाही’! प्रत्येक पायरी जास्त अचूक होऊनही शेवट बिघडला, हे मला या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

तेव्हा दोन्हीकडे हे एकत्रीकरण बंद करणारा पर्याय देऊन पुन्हा कंपाइल करा. बेरजेचा क्रमही बांधून घ्या, कारण थ्रेडची संख्या बदलली की क्रम बदलतो आणि क्रमाबरोबर उत्तरही. उत्तरं जुळली की मग सूत्रांकडे वळा. वरचं सूत्र (x − y)*(x + y) असं लिहिलं, तर x आणि y समान असताना एफएमए असो वा नसो, शून्यच येतं.