देव जेवतो का? नैवेद्याच्या ताटाबद्दल मनूला पत्र

प्रिय मनू,

तुझ्या मैत्रिणीने तुला विचारलं, ‘तुमचा देव खरंच जेवतो का? मग ताट भरलेलंच कसं राहतं?’ तिचा प्रश्न तू माझ्याकडे आणलास आणि वर स्वतःचे दोन जोडलेस: स्वयंपाक चाखून का बघायचा नाही, आणि ताटात आधी मीठच का वाढायचं? गणपतीत यंदा ताट तू वाढणार आहेस, तेव्हा उत्तर लिहूनच देते. मैत्रिणीलाही वाचून दाखव, ती फार शहाणी मुलगी आहे.

तिचा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. संत नामदेव (१२७०–१३५०) लहान होते तेव्हाची गोष्ट सांगतात. वडील दामाशेटी गावाला गेले होते, म्हणून आई गोणाईने नैवेद्य घेऊन नामदेवाला विठ्ठलाच्या देवळात पाठवलं. त्याने ताट ठेवलं आणि देव जेवायची वाट बघत बसला. देव काही हलेना. मग हा रडायला लागला, ‘तू जेवला नाहीस तर इथेच डोकं आपटीन’ म्हणाला, आणि विठ्ठल जेवला. मला या गोष्टीत आवडतं ते हे की देव ताटाला हात लावत नाही, असं नामदेवाला घरात कुणी सांगितलंच नव्हतं. पाहुणा आलाय, ताट वाढलंय, तो जेवणारच, इतकं ते त्याच्या मनात सरळ होतं.

मोठ्या माणसांसाठी उत्तर गीतेच्या नवव्या अध्यायात आहे, सव्विसाव्या श्लोकात. पान, फूल, फळ, पाणी, जे कोणी मला भक्तीने देतो ते मी घेतो, असं कृष्ण म्हणतो. तेव्हा मैत्रिणीला सांग, देव आमचा भाव घेतो आणि ताट आम्हाला परत देतो. परत आलेल्या ताटाला प्रसाद म्हणतात. माझी यावर पूर्ण श्रद्धा आहे. ताट भरलेलं राहतं म्हणून त्याला मिळालं नाही, असं मला कधीच वाटलं नाही.

आता चाखायचं. आपण एक घास जरी चाखला तरी ते अन्न उष्टं झालं, आणि उष्टं कुणालाच वाढत नाहीत, पाहुण्याला तर नाहीच. नियम एवढाच आहे, पण त्याने स्वयंपाक करणाऱ्याची खरी परीक्षा होते, कारण जीभ बाजूला ठेवून नाक, डोळे आणि हात वापरावे लागतात. मीठ अंदाजाने पडतं असं म्हणतात, पण तो अंदाज मापातून येतो. हाताला सवय होईपर्यंत चहाच्या चमच्याने मोजायचं. अर्धा किलो चिरलेल्या भाजीला बारीक मिठाचा एक सपाट चमचा. एक वाटी तुरीच्या डाळीची आमटी साधारण पाच-सहा वाट्या होते, तिला दीड चमचा. पालेभाजी मात्र फसवते. कढईत डोंगर दिसतो आणि पाच मिनिटांत आळून मूठभर होते, म्हणून तिला मीठ आळल्यावरच घालायचं, अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करून. आणखी एक गोष्ट लक्षात ठेव: खडे-मीठ चमच्यात कमी मावतं, कारण खड्यांमध्ये पोकळी राहते. त्याच चमच्याने बारीक मीठ घातलं की आमटी खारट होते. एका सणाला एकच मीठ वापरायचं.

तरी चुकतंच कधी. अळणी झालं तर काही बिघडत नाही, त्यासाठी ताटात मीठ आहेच. खारट झालं तर आमटीत गरम पाणी वाढवून पुन्हा उकळायची, भाजीत ओलं खोबरं नाहीतर उकडलेला बटाटा घालायचा. पण ते समजणार कधी? देवापुढून ताट उचलल्यावर. म्हणूनच सणाच्या दिवशी मीठ थोडं कमीच टाकते मी.

पुरणाला तर चाखायची गरजच पडत नाही, ते स्वतः सांगतं. एक वाटी हरभऱ्याची डाळ दोन-तीन तास भिजवून, चिमूटभर हळद आणि चमचाभर तेल घालून तीन वाट्या पाण्यात शिजवायची. एक दाणा दोन बोटांत धरून दाबायचा. मधे कणी लागली तर अजून शिजू दे, कारण एकदा गूळ पडला की डाळ पुढे शिजत नाही, आणि ती कणी पोळी लाटताना बरोबर वर येऊन पोळी फाडते. शिजलेली डाळ चाळणीत ओतून निथळायची. खाली उरतो तो कट, तो टाकायचा नाही, त्याचीच आमटी करायची. मग डाळीत वाटीभर चिरलेला गूळ घालून मंद आचेवर आटवायचं. आधी गूळ सुटतो आणि सगळं पातळ होतं, इथे घाबरायचं नाही. हलवत राहायचं. पंधरा-वीस मिनिटांनी पुरण कडा सोडायला लागतं. आता मधोमध कालथा उभा करून हात काढून घे. तो पडला तर अजून आटवायचं. तसाच उभा राहिला तर गॅस बंद, वेलदोडा-जायफळ घालायचं आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचं. गार पुरण यंत्रातून उतरत नाही, हात भरून येतो. यंत्र नसेल तर तारेची जाड चाळणी आणि वाटीचा तळ यांनी काम होतं. सैल राहिलं तर पोळी फुटते, फार आटलं तर पुरण पोळीच्या कडेपर्यंत पसरत नाही आणि मधे गोळा राहतो. पहिल्याला पुन्हा गॅसवर चढवायचं, दुसऱ्याला चमचाभर दूध लावून मळायचं.

सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्याचं माप तर पाठच करून टाक. सव्वा वाटी रवा, सव्वा वाटी तूप, सव्वा वाटी साखर, तेवढंच केळं कुस्करून, आणि दूध रव्याच्या दुप्पट ते अडीचपट. रवा तुपात वास सुटेपर्यंत भाजायचा, उकळतं दूध घालून झाकण ठेवायचं, आणि रवा पुरता फुलल्यावरच साखर. साखर आधी पडली तर रवा फुलायचा थांबतो आणि दाताखाली करकरतो. तूप बघून हात आखडायचा नाही, प्रसाद वाटीभर खायचा नसतो.

आता ताट. मीठ आधी का, याची कारणं लोक वेगवेगळी देतात. मला पटतं ते कामाचं आहे. ताटाच्या वरच्या कडेला मधोमध मीठ पडलं की डावी-उजवी बाजू ठरते, आणि पुढचं सगळं त्याच्या मागोमाग आपसूक जागेवर बसतं. मिठाच्या डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी, कोशिंबीर, लोणचं, डाव्या कडेने खाली उतरत. उजवीकडे भाज्या: आधी सुकी, मग उसळ, मग आमटीची वाटी. खाली मधे भाताची मूद, तिच्यावर साधं वरण आणि वर तूप. पोळी, पापड, तळण डाव्या हाताला खाली. गोड पदार्थ उजवीकडे. जेवणारा उजव्या हाताने जेवतो, म्हणून जे पोटभर खायचं ते उजवीकडे आणि जे तोंडी लावायचं ते डावीकडे थोडं-थोडं. तीच जागा गुरुजींच्या पानात, लग्नाच्या पंगतीत आणि आजीच्या घरी. केळीचं पान मिळालं तर शेंड्याची निमुळती बाजू जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. पान धुऊन, मागची जाड शीर किंचित छिलून घेतली की वाट्या कलंडत नाहीत.

मूद पाडायला वाटी आतून पाण्याने ओली करायची, तूप नाही. तुपाने भात चिकटत नाही हे खरं, पण मूद ताटात घसरते. गरम भात हलक्या हाताने भरायचा, दाबला की ढेकूळ होतं. पालथी घालून वाटीच्या बुडावर एक टिचकी, आणि सरळ वर उचलायची.

एक मोठी चूक या घरात कधी होऊ द्यायची नाही: पितळी किंवा तांब्याच्या ताटलीत दही, ताक, चिंचेची आमटी, लिंबू ठेवायचं नाही. आतून कल्हई नसेल तर आंबट पदार्थ कळकतो, हिरवट होतो, आणि असा प्रसाद पोटात गेला तर मळमळ, उलटी होऊ शकते. चांदी किंवा स्टील चांगलं.

ताट देवापुढे ठेवण्याआधी जमिनीवर किंवा पाटावर उजव्या हाताच्या बोटाने पाण्याचा चौकोन काढायचा आणि त्यावर ताट. ताटावर तुळशीचं पान. गणपतीला तुळस वाहत नाहीत, त्याच्या ताटावर दूर्वा. मग पळीने पाणी घेऊन ताटाभोवती घड्याळाच्या काट्यासारखं फिरवायचं. पाणी थोडंच, नाहीतर पाटावर तळं होतं आणि पापड भिजतो. मग डोळे मिटून उजवा हात ताटाकडून देवाकडे नेत, घास भरवल्यासारखं म्हणायचं: प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा, व्यानाय स्वाहा, उदानाय स्वाहा, समानाय स्वाहा, ब्रह्मणे स्वाहा. पहिली पाच नावं शरीरातल्या पाच प्राणांची आहेत. मधे एकदा पाणी द्यायचं, जेवताना आपल्यालाही लागतंच की. शेवटी हात आणि तोंड धुवायला पाणी, मग विडा किंवा नुसती सुपारी. दोन-चार मिनिटं शांत बसायचं. ही मिनिटं खाऊन टाकू नकोस, मला सगळ्यात लाडकी तीच आहेत. मघापासून घाई, भांडी, फोन, आणि मग अचानक सगळं घर कुणीतरी जेवतंय म्हणून गप्प बसतं.

प्रत्येक देवाची आवड वेगळी, हेही मैत्रिणीला सांग, तिला मजा वाटेल. गणपतीला एकवीस मोदक. चातुर्मासात कित्येक घरांत कांदा, लसूण, वांगं बंद असतं, आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला नैवेद्य असतो तो वांग्याचं भरीत, रोडगा आणि कांद्याची पात! गोकुळाष्टमीला दहीकाला. कोकणात आणि मुंबईतही काही घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, मटण किंवा मासे. ‘देवाला हे कसं चालतं’ असं कुणी नाक मुरडलं तर तू मुरडू नकोस. ज्या घरात जे प्रेमाने शिजतं ते त्या घरचा देव जेवतो.

रोज एवढं सगळं कुणाला जमणार? सकाळी शाळेच्या गडबडीत दूध-साखरेची वाटी पुरते, नाहीतर गूळ-खोबरं, नाहीतर वरणभातावर तूप. तुळस आपल्या इथल्या थंडीत अवघड आहे: दहा अंशांच्या खाली पानं काळी पडतात, म्हणून सप्टेंबर संपायच्या आत कुंडी घरात घ्यायची, दक्षिणेच्या खिडकीत ठेवायची, आणि वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी घालायचं. हिवाळ्यात ती मरते ती बहुतेक वेळा प्रेमाने, म्हणजे रोजच्या पाण्याने. मंजिऱ्या खुडत राहिलं की पानं येत राहतात. तुळस शिळी होत नाही असं मानतात, तेव्हा उन्हाळ्यात पानं वाळवून डबीत ठेवलेली चालतात. तीही नसली तर पाणी फिरवलं की झालं.

गणपतीतलं तुझं काम असं. बाबा आरतीची तयारी करतील तेव्हा तू मीठ, लिंबू, डावी बाजू आणि मूद वाढायची. गरम आमटी आणि तळण माझ्याकडे. मोदक वाफेतून काढल्यावर पाच मिनिटं तसेच राहू देत, लगेच उचलले तर कळ्या तुटतात. उचलताना बोटं पाण्यात बुडवून घे. आरती लांबली तरी शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, ओल्या खोबऱ्याचे पदार्थ तर मुळीच नाही. नैवेद्याच्या ताटातला भात-वरण पातेल्यात परत मिसळायचा, म्हणजे प्रसाद सगळ्यांच्या पानात जातो. ताटातला पहिला मोदक तुझ्या मैत्रिणीला दे. तिला आरतीलाच बोलावलंय, आणि तिला शेंगदाणे चालत नाहीत, म्हणून कोशिंबिरीत कूट घालणार नाही. ते तू तिला आधीच सांगून ठेव.

तुझी,
आई