‘मॅडम, गाडी उभी करू का?’

मी सोलापुरात समुपदेशक आहे. डिझेल वाढलं की माझ्याकडे येणाऱ्या ट्रकवाल्यांचे प्रश्न बदलतात. एरवी झोप नाही, पित्त, चिडचिड, सुटत नसलेली दारू असं काहीबाही घेऊन येणारी माणसं एकाएकी विचारू लागतात, “संपात जाऊ का नको, सांगा.” त्यांच्या बायका विचारतात, “हे संपात बसले तर हप्ता कोण भरायचा?” सोलापूर रस्त्यांवर जगणारं गाव आहे. पुणे-हैदराबाद रस्ता इथूनच जातो, विजापूरकडचा आणि धुळ्याकडचाही इथंच मिळतो. मार्केट यार्डातला कांदा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले टॉवेल-चादरी, हंगामात साखर, बारमाही सिमेंट. त्यामुळे डिझेलचा दर आमच्याकडे पेपरात नंतर येतो, घरात आधी येतो.

संपाचं काय ते संघटनेच्या पुढाऱ्यांना विचारावं, समुपदेशकाचा त्यात काय संबंध, असं माझे काही सहकारी म्हणतात. मला तसं वाटत नाही. पुढाऱ्याला विचारण्याजोगं पुढाऱ्याला विचारून झालेलं असतं. उरलेलं माझ्याकडे येतं.

अशा अनेकांमधून एकाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत. त्यांना अण्णा म्हणू. एकच गाडी, दहा चाकी, कर्जावर घेतलेली, स्वतःच चालवतात. इथून कांदा घेऊन हैदराबाद, येताना मिळेल ते. घरी भांडणं वाढली म्हणून त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, पाठवलं होतं.

पहिल्या भेटीत अण्णा फक्त डिझेलवर बोलले आणि मी बोलू दिलं. माणूस रागात असताना त्याला ‘तुमच्या भावना सांगा’ म्हणणं मला कधीच पटलेलं नाही. त्यांना सगळं तोंडपाठ होतं. केंद्राचं उत्पादन शुल्क, वर राज्याचा 21 टक्के व्हॅट, 2014 साली डिझेल सरकारी नियंत्रणातून कसं सुटलं, 2017 पासून दर रोज कसे ठरू लागले. कर्नाटकात तेव्हा स्वस्त होतं म्हणून विजापूरकडचं भाडं मिळालं की टाकी तिकडेच भरायची, हेही सांगून झालं. मग म्हणाले, “आता बास. बेमुदत चक्काजाम केल्याशिवाय हे ऐकत नाहीत.”

मी विचारलं, “संप झाला तर काय होईल?”

“सरकारला कळंल की.”

“आणि तुमच्या घरी?”

थोडा वेळ गेला. “घरी... निवांत होईल.”

हप्ता थकणार, भाडं बंद, आणि निवांत? मी तेच विचारलं. अण्णा खाली बघत म्हणाले, “संपात समद्यांच्याच गाड्या उभ्या असतात ओ मॅडम. माझी एकट्याची उभी दिसत नाही.”

आमच्या सगळ्या भेटींमधलं हे वाक्य मी आजही तितकंच मोलाचं मानते. त्यानंतरच बाकीचं बाहेर आलं. तीन हप्ते थकले होते आणि घरी सांगितलेलं नव्हतं. कित्येक फेऱ्या तोट्यात जात होत्या. तरी अण्णा गाडी हाणत होते, कारण गाडी दारात उभी राहिली की गल्ली विचारणार, “काय बे, भाडं नाही का?” त्यांना थांबायचं होतं, पण थांबण्याला इज्जत हवी होती, आणि ती फक्त संप देऊ शकत होता. संपात माणूस हरलेला दिसत नाही, लढणारा दिसतो. भल्याभल्यांच्या संपाच्या आवेशाखाली ही दमणूक असते, हे मी वर्षानुवर्षं ऐकून सांगू शकते. त्यांची मागणी त्यामुळे खोटी ठरत नाही. पण मागणी कुणाकडे आहे आणि दमणूक कुणाजवळ बोलायची, हे वेगळं केल्याशिवाय निर्णय नीट होत नाही.

माझी घडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर झाली आहे. प्रसंगापेक्षा त्याचा आपण लावलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, असा तो विचार. मात्र तो ट्रकवाल्यांपुढे मांडताना मी एक पथ्य पाळते. डिझेलचा दर मनात नसतो, पंपावर असतो. त्याचा राग यायलाच हवा. पण ‘गाडी थांबली म्हणजे मी नालायक ठरलो’ हे पंपावर कुठंही लिहिलेलं नसतं. शेजारच्या ड्रायव्हरची गाडी फायनान्सवाल्यांनी ओढून नेली तेव्हा त्याला नालायक म्हणालात का, असं विचारल्यावर अण्णा चटकन म्हणाले, “छे! त्याची भाडीच पडली, तो काय करणार?” आणि स्वतःच गप्प झाले.

वहिनींना सोबत आणायला मी सांगितलं. त्या विड्या वळतात. थकलेल्या हप्त्यांचं कळल्यावर त्या रडतील अशी अण्णांना धास्ती होती. त्या रडल्या नाहीत. कर्जाला जामीन म्हणून त्यांचाही नंबर होता, फोन त्यांनाही येऊन गेले होते. त्यांनी एकच विचारलं, “एका फेरीला उरतं किती?”

अण्णांना सांगता येईना. भाडं माहीत होतं, डिझेल माहीत होतं. पण टोल, हमाली, वाटेतलं जेवण, टायरची झीज हे सगळं जाऊन हातात काय, याचा आकडा नव्हता.

वहिनी म्हणाल्या, “हजार विड्यांमागं मला किती मिळणार ते पानं भिजवायच्या आधी ठाऊक असतं. तुम्ही हैदराबाद करून येता, अन् आल्यावरबी ठाऊक नसतं.”

यापेक्षा नेमकं मला काही सुचलं नसतं. त्याच बैठकीत वही काढली. हैदराबाद जाऊन-येऊन साधारण 600 किलोमीटर. गाडी लिटरला 4 किलोमीटर देते असं धरलं तर 150 लिटर. म्हणजे डिझेल एका रुपयाने वाढलं की फेरीमागे 150 रुपये गेले, दहाने वाढलं की दीड हजार. मोठ्या कंपन्यांच्या वाहतूक करारात डिझेल वाढलं की भाडं वाढण्याचं कलम बहुधा असतं. यार्डातल्या एका गाडीवाल्याकडे करारच नसतो. दलाल सांगेल तो दर, नाहीतर मागे दुसरा उभाच. अण्णा वहीकडे बघत म्हणाले, “म्हणजे डिझेल वाढलं ते दिसलं, भाडं तिथंच राहिलं ते दिसलंच नाही.”

आता संप करावा का? विचारणाऱ्यांना मी हात झटकून ‘तुमचं तुम्ही ठरवा’ म्हणत नाही. संप हा हक्क आहे, आणि ज्या गावात गिरण्या होत्या तिथं तो कुणाला शिकवावा लागत नाही. पण मागणी कुणाच्या हातात आहे हे बघा. 20 जुलै 2018 ला देशभरातल्या मालवाहतूकदारांचा संप सुरू झाला आणि आठ दिवस चालला. डिझेल जीएसटीत आणा, ही त्यातली एक मोठी मागणी. आश्वासनावर संप मिटला, डिझेल अजून जीएसटीबाहेरच आहे. जानेवारी 2024 मध्ये अपघात करून पळणाऱ्या चालकाच्या शिक्षेच्या कलमावरून चक्काजाम झाला. दोन दिवसांत सरकारला बोलावं लागलं, आणि 1 जुलैला नवा कायदा लागू झाला तेव्हा ते कलम बाजूला ठेवलेलं होतं. तिथं मागणी एका कलमाची होती आणि ठरवणारं एक सरकार. डिझेलच्या दरात केंद्र आहे, राज्य आहे, तेल कंपन्या आहेत, जगाचा बाजार आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्राने लिटरमागे 10 रुपये शुल्क कमी केलं, मे 2022 मध्ये आणखी 6. म्हणजे दर हलतो. पण तुमच्या हप्त्याच्या तारखेआधी हलेल, या भरवशावर बेमुदत बसू नका. भाड्याचा दर मात्र याच यार्डात ठरतो.

म्हणून माझं सांगणं असं असतं: संपात जायचं तर घरात बोलून जा, किती दिवस झेपेल तो आकडा आधी ठरवा, आणि फायनान्सवाल्याला हप्ता चुकायच्या आधी भेटा, नंतर नाही. नाही जायचं तर सोबत्यांच्या तोंडावर सांगा, रात्री गुपचूप गाडी काढू नका. दगड खायची आणि मारायची, दोन्ही वेळ टाळा. जे पगारी ड्रायव्हर आहेत त्यांनी एक ध्यानात ठेवावं. डिझेल मालकाच्या खिशातून जातं, पण गाडी उभी राहिली की भत्ता तुमचा बुडतो. संपाच्या दिवसांचं काय देणार, हे मालकाला आधी विचारा. विचारायची लाज वाटते, हे मला बहुतेकांनी सांगितलंय. लाज वाटली तरी विचारता येतं.

अण्णा संघटनेच्या बैठकीला गेले. उभे राहून म्हणाले, डिझेलचं मागा, पण अमुक दराखाली यार्डातून कुणी माल भरणार नाही हेही ठरवा. मागून “बस बे खाली” असा आवाज आला. काहींनी मात्र बाहेर आल्यावर वही बघायला मागितली. दोन दिवसांचा बंद ठरला तेव्हा अण्णांनी गाडी उभी केली, आधी फायनान्सच्या ऑफिसात जाऊन हप्त्यांची मुदत वाढवून घेतली. भाडं मागितलं तेवढं वाढलं नाही, थोडं वाढलं. परवडत नाही ती फेरी ते आता सोडतात, आणि त्या दिवशी गाडी दारातच असते.

मागच्या भेटीत त्यांनी नवा प्रश्न आणला, “गाडी विकून दुसऱ्याची चालवली तर?” मी म्हटलं, आकडे आणा. वहिनी म्हणाल्या, “मांडलेत. पण ह्यांना अजून दाखवले नाहीत.”